धातूच्या कलावस्तूंस लेप कोणता द्यावा?

खाऱ्या हवेचें आणि तांब्यापितळेचें वैर आमच्या वाचक भगिनींस नव्यानें सांगावयास नको. कोंकणांतल्या माहेरीं देवघराचीं उपकरणीं वरचेवर कां घांसावीं लागतात, हें त्या लहानपणापासून जाणतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतहि धातूंच्या शुद्धीसाठीं क्षार, आम्ल व उदक हीं साधनें सांगितलीं आहेत. परंतु आज कित्येक घरांतून तांब्याचीं भित्तिचित्रें, पितळेचीं पानेंफुलें, लोखंडाच्या दीपमाळा हातानें घडवून विकल्या जातात, आणि तेथें प्रश्न निराळा होतो. घरचें भांडें काळवंडलें तर चिंच आहे. विकलेली वस्तु महिन्याभरांत हिरवी पडली तर गिऱ्हाईक पुन्हां फिरकत नाहीं.

नवी मुंबईंत हा प्रश्न विशेष जाचक आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या या नगराच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरली आहे. तांबें साध्या हवेंत तपकिरी होतें व तो पातळ थर आंतल्या धातूचें रक्षणच करितो. खाऱ्या वाऱ्यांतील क्लोराइड मात्र त्या थरांतून शिरून हिरवी भुकटी उत्पन्न करितें. लोखंडाची अवस्था याहून वाईट. गंज सच्छिद्र असल्यामुळें ओल आंत जातच राहते.

आमच्या शेजारच्या एका सूनबाईंनीं घडविलेलें तांब्याचें थाळें गिऱ्हाइकाकडून परत आलें. वरचा लेप अभंग होता, पण त्याच्या खालीं पांच बोटांचे काळे ठसे उमटले होते! लेप देण्यापूर्वीं थाळें उघड्या हातानें धरलेलें. घामांतील मीठ आंत कोंडलें गेलें. तेव्हांपासून त्या हातमोजे घालतात, घांसण्याच्या पुटीचा तेलकटपणा स्पिरिटनें काढतात, आणि मगच कुंचला उचलतात. लेपाचें निम्मे यश या तयारींत आहे, असें आमचें मत झालें आहे.

आतां लेपांविषयीं. इंग्रजी ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाक्षा’ शब्दाचाच दूरचा वंशज, हें संस्कृतज्ञांस कौतुकाचें वाटेल. परंतु प्रत्यक्ष लाखेचा लेप पाण्यानें पांढुरका होतो व उष्णतेनें मऊ पडतो, म्हणून खाडीकांठीं तो आम्ही सुचविणार नाहीं. नायट्रोसेल्युलोजचा लॅकर स्वस्त व चकचकीत खरा, पण उन्हांत पिवळा पडतो. तांब्यापितळेस अॅक्रिलिक जातीचा उत्तम. त्यांतहि १९६० नंतरच्या दशकांत पुढें आलेला ‘इनक्रालॅक’ विशेष. त्यांत बेंझोट्रायझोल हें तांब्याची झीज रोखणारें द्रव्य मिसळलेलें असतें. मात्र त्याचा द्रावक श्वासास अपायकारक, म्हणून काम उघड्या गच्चीवर करावें, मुलेंबाळें जवळ नसावीं. एक जाड थर देण्यापेक्षां दोन पातळ बरे.

लॅकराचा दोष हा कीं ओरखडा पडला म्हणजे तेथून गंज आंत पसरतो, आणि मग सगळा लेप उतरवावा लागतो. मेणाचें तसें नाहीं. मेण लवकर झिजतें, पण घरच्या घरीं फडक्यानें पुन्हां चढवितां येतें. मधमाशांच्या मेणांत आम्लांश असल्यामुळें तांब्यावर तें कालांतरानें हिरवट होतें. यासाठीं संग्रहालयांतून वापरतात तें खनिज तेलापासून काढलेलें सूक्ष्मस्फटिकी मेण घ्यावें. पुण्याच्या तांबट आळींतल्या मठारकामासारख्या ठोक्यांच्या पृष्ठावर मेण फार खुलून दिसतें, आणि रंगांत थोडा फरक पडला तरी तो डोळ्यांस खुपत नाहीं. लोखंडास जस्ताचा थर अथवा प्रायमरावर रंग हवाच. काळा लोहारी रूपरंग राखावयाचा असेल तर जवसाचें तेल पातळ चोळावें. पण त्या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून ठेवूं नयेत, तीं आपोआप तापून पेट घेतात. तीं उलगडून उन्हांत वाळवावीं.

पूजेच्या समईस लॅकर देऊं नये. वातीजवळ तो जळतो, आणि सासूबाईंच्या चिंचेपुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. खाण्यापिण्याच्या भांड्यास आंतून तर मुळींच नको. तेथें नवसागर व कथील घेऊन बसणारा कल्हईवालाच खरा. विक्रेत्यानें वस्तूबरोबर लहानशी चिठ्ठी द्यावी: लेप कोणता, कशानें पुसावें, कशानें घांसूं नये, पुन्हां मेण केव्हां लावावें. खाडीकडे खिडकी असलेल्या घरास मेणाची मुदत अर्ध्यावर आणून सांगावी.

नवा लेप विकाऊ मालावर देण्यापूर्वीं एक तुकडा खिडकींत सबंध पावसाळा टांगून पाहावा. आषाढ-श्रावणांतल्या दमट हवेंत लॅकर दिला तर त्यावर पांढरी झांक येते. म्हणून बेलापूरच्या अर्बन हाटांत दिवाळीपूर्वीं मांडावयाचा माल मे महिन्यांतच लेपून, कोरड्या कपाटांत गुंडाळून ठेवणें सोयीचें पडतें.