रोमच्या सत्तास्पर्धेचीं छापील चित्रें

रोमचा इतिहास वाचतांना पुस्तकांच्या पानांवर दोन-तीन चित्रें हटकून दृष्टीस पडतात. एकांत भर सभेंत हात पसरून बोलणारा वृद्ध वक्ता असतो, आणि त्याच्यापासून दूर, मान खालीं घालून, एकटाच एक तरुण बसलेला असतो. दुसऱ्यांत विशाल सभागृहाच्या फरशीवर ज्यूलियस सीझरचें प्रेत पडलेलें असतें. हीं चित्रें पाहून मनांत जो रोम उभा राहतो तो इतका पक्का ठसतो कीं, पुढें मूळ ग्रंथ हातीं आले तरी तेच चेहरे डोळ्यांपुढें येतात. म्हणून त्यांतील किती भाग इतिहासाचा व किती चित्रकाराचा, हें विद्यार्थ्यांनीं एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे.

मूळ चित्र एकच असतें. तें जगभर जावयास छापण्याची कला हवी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मांतेन्या ह्या इटालियन चित्रकारानें सीझरच्या विजययात्रेचीं नऊ भव्य चित्रें रंगविलीं. तीं आज इंग्लंडांत हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यांत आहेत. आंद्रेआनी नामक कारागिरानें लांकडी ठशांवरून त्यांच्या प्रती काढल्या, त्यांवर १५९९ साल आहे. तांब्याच्या पत्र्याची रीत याहून निराळी. पोलादी कोरणीनें पत्र्यावर रेषा कोरावयाच्या, खांचांत शाई भरावयाची, वरचा भाग पुसून स्वच्छ करावयाचा, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून दाबून काढावयाचा. छाप उलटा उठतो. म्हणून मूळ चित्राप्रमाणें तो यावा अशी इच्छा असल्यास कोरणाऱ्यास सर्व चित्र उलटें कोरावें लागे. रंगाचें काम रेषांनींच भागवावयाचें: सावलीच्या जागीं दाट, प्रकाशाच्या जागीं विरळ. पुढें एकोणिसाव्या शतकांत छायाचित्रणाच्या साहाय्यानें ठसे होऊं लागले, आणि हें काम पुष्कळ सुलभ झालें.

आतां तो बोलणारा वृद्ध पाहूं. हें चित्र चेझारे माक्कारी याचें. इटलीचें सेनेट आज रोममधील ज्या मादामा राजवाड्यांत भरतें, तेथील एका दालनाच्या भिंतीवरच तें १८८० नंतरच्या दशकांत रंगविलें गेलें. प्रसंग इ. स. पूर्वीं ६३ सालच्या नोव्हेंबर महिन्याचा. सिसेरो त्या वर्षीं कॉन्सल, म्हणजे एका वर्षापुरत्या निवडलेल्या दोन मुख्याधिकाऱ्यांपैकीं एक होता. कॅटिलाइन हा उच्च कुळांतील, पण कर्जबाजारी झालेला व निवडणुकींत हरलेला पुरुष. त्यानें सशस्त्र बंडाचा कट रचला आहे, असा आरोप सिसेरो त्याच्या तोंडावर करीत आहे.

चित्रांतील सिसेरोचे केस पिकलेले आहेत. वस्तुतः त्याचें वय तेव्हां ४३ वर्षांचें होतें, आणि कॅटिलाइन त्याच्याहून थोडा वडीलच होता! सभाहि नेहमींच्या सभागृहांत नव्हे, तर ज्युपिटर स्टेटर या देवाच्या मंदिरांत भरली होती. सेनेटचे सभासद अर्धवर्तुळांत नव्हे, तर दोन बाजूंस समोरासमोर बसत. चित्रकारानें अर्धवर्तुळ कां काढलें असावें? मला वाटतें, रिकाम्या बांकांची ती लांब कमान दिसल्याखेरीज कॅटिलाइनचें एकटेपण डोळ्यांत भरलें नसतें.

मग सारेंच खोटें कीं काय? तसेंहि नाहीं. कॅटिलाइन येतांच जवळचीं बांकें रिकामीं झालीं, हें सिसेरोच्याच भाषणांत आहे. त्याची नजर खालीं होती, हें सॅलस्ट या रोमन इतिहासकारानें लिहिलें आहे. परंतु त्याच सॅलस्टनें पुढें सांगितलें आहे कीं, कॅटिलाइननें उठून आपली बाजू मांडण्याचा यत्न केला व सभेच्या ओरड्यानें तो बुडून गेला. तो क्षण चित्रांत नाहीं. शिवाय सिसेरोनें हें भाषण प्रसिद्धीसाठीं सिद्ध केलें तें सुमारें तीन वर्षांनीं. कॅटिलाइन तोंवर लढाईंत पडला होता, आणि त्याच्या बाजूनें लिहिलेला ग्रंथ आपल्या हातीं एकहि नाहीं. त्याच्या पांच साथीदारांस त्याच वर्षीं डिसेंबरांत चौकशीवांचून गळे आवळून मारण्यांत आलें, व त्याच कारणानें सिसेरोस पुढें इ. स. पूर्वीं ५८ सालीं देशत्याग करावा लागला. चित्रांतील धवलकेशी महात्म्याकडे पाहून हें कोणास सुचेल?

चित्र ज्या काळांत पाहिलें जातें, तो काळहि त्यांत आपला अर्थ घालतो. फ्रेंच चित्रकार दाव्हिद यानें राजाच्या सरकारासाठीं काढलेलें ब्रूटसचें चित्र १७८९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आलें. हा सीझरचा मारेकरी ब्रूटस नव्हे. राजांस हांकून रोममध्यें प्रजासत्ताक स्थापणारा त्याहून प्राचीन ब्रूटस, ज्यानें राजपक्षास मिळालेल्या स्वतःच्या मुलांस देहान्त शिक्षा दिली. बास्तीयचा किल्ला नुकताच पडला होता. राजासाठीं काढलेल्या चित्रांत लोकांस राज्यक्रांतीचा वीर दिसला.

सीझरवधाचें चित्र झेरोम या फ्रेंच चित्रकाराचें, १८६७ सालचें; मूळ अमेरिकेंत बाल्टिमोर येथें वॉल्टर्स संग्रहालयांत आहे. झेरोमचा सासरा गूपिल हा छापील चित्रांचा मोठा व्यापारी. हा मनुष्य चित्रें काढतो तीं त्यांच्या प्रती विकल्या जाव्यात म्हणूनच, अशी टीका एमील झोला या कादंबरीकारानें त्याच वर्षीं केली. टीका तिखट खरी, परंतु या चित्राची मांडणी विलक्षण आहे. मारणें संपलें आहे. शस्त्रें उंचावीत मारेकरी सभागृहाच्या मध्यभागांतून बाहेर निघाले आहेत. ज्याच्यासाठीं हें सर्व घडलें, तो सीझर डाव्या कोपऱ्यांत, सावलींत. काळ्यापांढऱ्या प्रतींत तर तो शोधावाच लागतो. एक स्थूल सभासद तेवढा आपल्या जागीं बसलेला आहे, झोंपेंत कीं भयानें, कोणास ठाऊक!

सीझर पाँपीच्या पुतळ्याजवळ पडला, हें ग्रंथांतरीं आहे. इ. स. पूर्वीं ४४, मार्चची १५ तारीख. स्वेटोनियस सांगतो कीं, कटांत साठांहून अधिक माणसें होतीं, जखमा २३ झाल्या, आणि अँटिस्टियस या वैद्याच्या मतें त्यांतील एकच प्राणघातक होती. बाहेर पडलेल्या मारेकऱ्यांस जयघोष करणारी प्रजा भेटली नाहीं. लोकांनीं घरांचीं दारें लावून घेतलीं. आणि तें प्रेत बराच वेळ तसेंच पडून होतें. शेवटीं तीन गुलाम आले, त्यांनीं तें पालखींत घातलें, व एक हात बाहेर लोंबत असलेलें तें ओझें घरीं नेलें.