मोठी डिस्क आणि बूट लोडरचा अपुरा पत्ता



आपल्यापैकी अनेकांच्या घरी दहा-पंधरा वर्षांचा एखादा कॉम्प्युटर अजून तग धरून आहे. लग्न-मुंजीचे व्हिडिओ आणि भारतवारीचे फोटो साठत जातात आणि एक दिवस जुन्या डिस्कऐवजी ४ टेराबाईटची नवीन डिस्क बसवायचं ठरतं. कोणी अशीच डिस्क आई-बाबांच्या पीसीसाठी बॅगेतून भारतात नेतं. पण विंडोज टाकायला घेतलं की एकतर इन्स्टॉल होत नाही, नाहीतर डिस्कचा अर्धाच भाग वापरता येतो. डिस्क परत करण्याआधी एवढं वाचा, कारण दोष बहुधा तिचा नसतो.

जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की बायॉस डिस्कवरचे फक्त पहिले ५१२ बाईट वाचते. यालाच एमबीआर म्हणतात. १९८३ पासून पीसीमध्ये ही पद्धत आहे. त्यात ४४६ बाईटचा चिमुकला प्रोग्राम, ६४ बाईटचा पार्टिशनचा तक्ता आणि २ बाईटची खूण असते. हा प्रोग्राम पुढचा बूट लोडर शोधतो आणि बूट लोडर ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणतो.

अडचण त्या तक्त्यात आहे. पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, हे लिहायला प्रत्येकी ३२ बिटच मिळतात. त्यात साधारण ४२९ कोटी सेक्टर मोजता येतात. एक सेक्टर ५१२ बाईटचा धरला तर हिशोब २.२ टेराबाईटवर संपतो. मुंबई-पुण्याचे सात आकडी फोन नंबर संपत आले, तेव्हा २००२ च्या सुमारास पुढे '२' लावून आठ आकडी केले, आठवतं ना? इथे मात्र तक्त्यात जास्तीचा आकडा लिहायला जागाच नाही.

हे दुखणं नवीन नाही. नव्वदच्या दशकात बायॉसला १०२४ सिलिंडरपर्यंतच, म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाईटपर्यंतच वाचता येई. लिनक्स एकदा सुरू झालं की स्वतःच्या ड्रायव्हरने सगळी डिस्क बघू शके, पण त्याचा लिलो हा बूट लोडर बायॉसवर अवलंबून होता. म्हणून कर्नलसाठी डिस्कच्या सुरुवातीलाच छोटं पार्टिशन करत. मुद्दा तोच: बूट लोडर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालतो, त्यामुळे तिची हुशारी त्याच्या कामी येत नाही.

यावर उपाय म्हणजे जीपीटी हा नवीन तक्ता. त्यात पत्ता ६४ बिटचा असतो. मात्र जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायचं तर बायॉसऐवजी यूईएफआय लागतं.

मग करायचं काय?

१. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायॉस मोड' बघा. तिथे 'यूईएफआय' असेल तर नवीन डिस्क जीपीटी करून खुशाल विंडोज टाका.

२. 'लेगसी' असेल तर आधी सेटअपमध्ये यूईएफआयची सोय आहे का ते पाहा. नसेल तर छोट्या एसएसडीवर विंडोज ठेवा आणि मोठी डिस्क जीपीटी करून फक्त फोटो-व्हिडिओंसाठी वापरा. विंडोज व्हिस्टापासून पुढे हे चालतं, ३२ बिट एक्सपीत नाही.

३. डेटा असलेली डिस्क 'इनिशियलाइज' करू नका. 'डिस्क मॅनेजमेंट'मधून एमबीआरची जीपीटी करताना पार्टिशन पुसावी लागतात. २०१७ पासून विंडोज १० मध्ये आलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन न पुसता बदल करतं, तरीही आधी बॅकअप हवाच.

४. जुन्या यूएसबी केसपासून सावध राहा. काहींना ३२ बिटांपुढचा पत्ता कळत नाही. मग २.२ टेराबाईटपुढचं लिखाण डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसू शकतं आणि आधीचे फोटो त्याखाली गाडले जातात.

डिस्क पुन्हा विकत घेता येते, आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ नाही. तेव्हा दुसरी प्रत तयार असल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका!