'चिकनी चमेली' ही 'कोंबडी पळाली'ची कॉपी आहे का? कलाकार स्वतःचंच गाणं पुन्हा का बनवतात?

मांडवा म्हटलं की डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे गेटवेवरून सुटणारी बोट, जी अलिबागला जाणाऱ्यांना तासाभरात मांडवा जेट्टीवर आणून सोडते. दुसरी म्हणजे विजय दीनानाथ चौहान.

१९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन यांनी ही भूमिका केली आणि रायगडच्या किनाऱ्यावरचं हे छोटंसं गाव देशभर माहीत झालं. २०१२ मध्ये हृतिक रोशनला घेऊन हा सिनेमा पुन्हा बनला. गंमत म्हणजे या नव्या सिनेमातलं मांडवा आपल्या मांडव्यात शूट झालंच नाही, ते दीवला उभं केलं होतं. थोडक्यात काय, तर सिनेमाही पुन्हा बनलेला आणि गावही.

आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणंसुद्धा.

ते गाणं म्हणजे 'चिकनी चमेली'. ते वाजायला लागल्यावर मराठी माणसाने लगेच ओळखलं, ही तर आपली 'कोंबडी पळाली'! आजही सोशल मीडियावर या गाण्याची क्लिप फिरली की खाली एक कमेंट हमखास असते, "बॉलिवूडने आमचं गाणं चोरलं."

पण खरंच चोरलं का?

तर झालं असं की...

२००६ मध्ये केदार शिंदे यांचा 'जत्रा' हा सिनेमा आला. भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांच्यावर चित्रित झालेलं 'कोंबडी पळाली' हे त्यातलं गाणं. शब्द जितेंद्र जोशी यांचे, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे आणि संगीत अजय-अतुल यांचं. लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, या गाण्याशिवाय पानच हलेना.

पुढे २०१२ च्या 'अग्निपथ'चं संगीत अजय-अतुल यांच्याकडेच आलं. त्यांनी आपलीच चाल हिंदीत आणली. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिले, श्रेया घोषालने गायलं आणि पडद्यावर कतरिना कैफ नाचली.

म्हणजे ज्यांची चाल, त्यांनीच ती पुन्हा वापरली. चालीपुरतं बोलायचं तर ही चोरी नाही. पण या प्रवासात काहीतरी बदललंही. मराठी गाण्यात बाई आणि बुवा यांची जुगलबंदी होती, हिंदीत ते एकट्या बाईचं गाणं झालं. आनंद शिंदे यांचा तो खणखणीत आवाज गेला. जितेंद्र जोशी यांचे शब्दही गेले. चाल मुंबईला पोचली, पण तिच्यासोबतची सगळी माणसं काही पोचली नाहीत.

पुढे 'सैराट'चंही असंच झालं. २०१६ चा 'सैराट' २०१८ मध्ये 'धडक' होऊन हिंदीत आला, तेव्हा 'झिंगाट' आणि 'याड लागलं' या चाली अजय-अतुल यांनीच हिंदीत नेल्या. मराठी प्रेक्षकांनी नाकं मुरडली, पण चालीचे कर्ते तेच होते.

काही जण मात्र उलट दिशेने जातात

अजय-अतुल यांनी जत्रेतलं गाणं मोठ्या पडद्यावर नेलं. अमेरिकेच्या स्टर्गिल सिम्पसनने याच्या बरोबर उलटं केलं.

सिम्पसन हा केंटकी राज्यात जन्मलेला कंट्री गायक. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत. काही काळ अमेरिकी नौदलात नोकरी केलेल्या सिम्पसनच्या २०१६ च्या अल्बमचं नावही 'अ सेलर्स गाइड टू अर्थ' होतं, म्हणजे खलाशाने पृथ्वीसाठी लिहिलेली वाटाड्या-वही. त्याला ग्रॅमीही मिळालं.

मग २०२० मध्ये कोरोना आला आणि सगळे कार्यक्रम थांबले. सिम्पसनने चाहत्यांना सांगितलं की तुम्ही मदतनिधी गोळा करा, मी याच वर्षी अल्बम काढतो. निधी जमला. ऑक्टोबर २०२० मध्ये 'कटिन ग्रास'चा पहिला भाग आला आणि डिसेंबरमध्ये दुसरा. पहिल्या भागात तब्बल २० गाणी होती आणि ती त्याचीच जुनी गाणी होती. फक्त आता ती ब्लूग्रास शैलीत वाजवलेली होती.

ब्लूग्रास म्हणजे काय? केंटकीच्याच बिल मन्रो यांनी १९४० च्या दशकात घडवलेली शैली. मॅन्डोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, बँजो, गिटार आणि मोठा उभा बास ही तिची वाद्यं. घराच्या ओट्यावर बसून, विजेशिवाय वाजवता येईल असा हा ताफा. एक वादक पुढे येतो, आपला तुकडा वाजवतो आणि मागे सरकतो, मग दुसरा येतो.

सिम्पसनच्या 'टर्टल्स ऑल द वे डाउन' या २०१४ च्या गाण्यात मूळ रेकॉर्डिंगमध्ये स्टुडिओचे बरेच प्रयोग होते. नव्या रूपात ते सगळं गळून पडलं. उरले शब्द, चाल आणि तारा. गाण्यात मुळात किती दम आहे, हे असं झाल्यावरच कळतं.

मग कलाकार हे का करतात?

ढोबळमानाने तीन कारणं दिसतात. एक, नवीन भाषा आणि नवीन प्रेक्षक, जसं अजय-अतुल यांचं. दोन, मुळांकडे परत जाणं, जसं सिम्पसनचं.

तिसरं कारण मालकीचं. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमच्या रेकॉर्डिंगची मालकी दुसऱ्यांच्या हातात गेली होती. म्हणून तिने २०२१ ते २०२३ या काळात त्यातले चार अल्बम नव्याने गायले. पुढे २०२५ मध्ये तिने जुन्या रेकॉर्डिंगची मालकीही विकत घेतली.

भारतात कायदा काय सांगतो?

गाणं आपल्याला एक वाटत असलं तरी कायद्याच्या नजरेत त्यात तीन गोष्टी असतात. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. संगीतकाराने चालीचे हक्क कंपनीला विकले असतील, तर स्वतःचीच चाल पुन्हा वापरताना त्यालाही परवानगी लागू शकते.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांच्या बाजूने राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. त्यानंतर सिनेमाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीत त्यांचा वाटा राहतो आणि तो कायमचा लिहून देता येत नाही. कव्हर व्हर्जनचे नियमही कडक झाले. मूळ गाणं रेकॉर्ड झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी कळवायचं, रॉयल्टी भरायची आणि शब्द किंवा चालीत मनमानी बदल करायचे नाहीत.

ही दुरुस्ती २१ जून २०१२ ला लागू झाली. 'अग्निपथ' आला होता २६ जानेवारीला, म्हणजे जेमतेम पाच महिने आधी.

आणि ज्या गाण्याला मालकच नाही?

खरा प्रश्न इथे आहे. 'मी डोलकर' कुणाचं, हे सांगता येतं. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. पण रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी लग्नांत धवलारीण जे धवळे गाते, ते कुणी रचले? ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आले. त्यांची चाल उद्या कुणी उचलली तर नोटीस पाठवणार कोण?

अजय-अतुल, सिम्पसन आणि टेलर स्विफ्ट आपली गाणी पुन्हा बनवू शकले, कारण ती त्यांची आहेत हे कुठेतरी लिहिलेलं होतं. धवलारणीचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी एखादी क्लिप फिरली की "चोरलं" म्हणण्याआधी श्रेयनामावली बघायला हवी. त्यात कोणाचं नाव आहे आणि कोणाचं गळालंय, हे तिथेच कळतं. 'चिकनी चमेली'च्या बाबतीत चालीचं नाव शाबूत आहे. आणि 'कोंबडी पळाली'चे शब्द कुणाचे, हे विचारलं तर आता उत्तर माहीत आहे, जितेंद्र जोशी.