‘तेरवं’च्या बाया
‘तेरवं’ या नाटकातल्या बायांनी अभिनयाचं शिक्षण घेतलं नव्हतं. विषय मात्र घरातलाच. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या या एकल महिला. लेखन श्याम पेठकरांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं.

यातल्याच एक वैशाली येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. अंगणवाडीत मदतनीस, उरल्या वेळात शिवणकाम. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नियोजित उद्घाटक, लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, गदारोळ झाला आणि उद्घाटनाचा मान येडे यांच्याकडे आला. निवड अडचणीतून झाली खरी, पण बाईंचं भाषण गाजलं!