नफ्याचे ओझे कोणाच्या पाठीवर?



आज आपल्या बहुतेक घरांत शेतीच्या जोडीला एखादा छोटा धंदा असतो. कोणी घरोघर दुधाचा रतीब घालतो, कोणी रोपवाटिका चालवतो, कोणी ट्रॅक्टर भाड्याने देतो. कुठे बचत गटाच्या भगिनी मसाले-पापड करतात, तर कुठे तरुण मुले पुण्याच्या आठवडे बाजारात स्वतःच्या भाजीची पाल लावतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आजवर आपण गिऱ्हाइकाच्या नाहीतर माल घालणाऱ्याच्या जागी उभे होतो. काट्यात मारले, पट्टीत कापले, नमुन्याच्या नावाखाली ओंजळभर काढून घेतले, अशा तक्रारी आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आता काटा आपल्याच हातात आला आहे. म्हणून नोकरीतली शेतीची माहिती आज बाजूला ठेवतो आणि माझ्या घरचीच एक गोष्ट सांगतो.

तात्यांची गोणी

ही गोष्ट १९८६ च्या सुमाराची. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आमचे गाव आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. तिकडचे पावसाळी पीक म्हणजे बटाटा. त्या वर्षी पीक बरे आले होते, पण भाव पडलेला. पुण्याच्या बाजारात माल न्यायचा तर ट्रकचे भाडे, अडत, तोलाई, हमाली आणि बारदान असा खर्च. आमच्याकडे हमाली पोत्यावर मोजली जाई. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. छत्तीस क्विंटल माल. नव्वद किलोप्रमाणे भरला तर चाळीस गोण्या होतात. तोच एकशेदहा किलोप्रमाणे दाबून भरला तर तेहेतीस. सात गोण्यांची हमाली वाचली, सात बारदाने वाचली. मग आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून पायाने दाबून गोण्या भरल्या. आईने तोंडे शिवली.

पहाटे ट्रक मार्केट यार्डात लागला. गोण्या उतरवायला एक वयस्क हमाल आला. पहिली गोणी पाठीवर घेताच त्याचे गुडघे वाकले. तो दोन पावले गेला, गोणी टेकवली आणि तिच्यावरच हात ठेवून उभा राहिला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तात्यांकडे बघून एवढेच म्हणाला, "मालक, बटाटा तुमचा, पोतं तुमचं, पैसंबी तुम्हालाच मिळणार. पाठ तेवढी माझी हाय."

तात्या काही बोलले नाहीत. पण मग तेही ट्रकवर चढले आणि प्रत्येक गोणीला खांदा लावून त्याच्या पाठीवर नीट देऊ लागले. माल उतरला, पट्टी झाली. भाव पडेलच मिळाला. तात्या अडत्यावर चिडले, पण ते चिडणे नेहमीसारखे नव्हते. दुपारी तोच हमाल आम्हांला 'कष्टाची भाकर'च्या केंद्रावर जेवायला घेऊन गेला. झुणका-भाकर आणि वर गुडदाणीचा तुकडा. तिथे हमाल, हातगाडीवाले आणि आमच्यासारखे खेड्यावरून आलेले शेतकरी जवळजवळ बसून जेवत होते. त्या दिवशी मला फक्त गुडदाणी आवडली. त्या जागेचा अर्थ पुढे मोठेपणी कळला.

भाकरीचा धंदा, पण कसा?

पुण्याच्या नाना पेठ, भवानी पेठ भागात पूर्वी धान्य, गूळ, किराणा मालाची मोठी बाजारपेठ होती. तिथे पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना ना ठरलेला दर, ना आजारपणात आधार. डॉ. बाबा आढाव यांचा दवाखाना याच नाना पेठेत होता. कंबर आणि पाठ धरलेले हमाल त्यांच्याकडे औषधाला येत. दुखणे औषधाने थांबायचे नाही, ते ओझ्यात आणि दरात आहे, हे डॉक्टरांनी ओळखले. १९५० नंतरच्या त्या दशकातच हमाल पंचायत उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरावी आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद व्हावी, अशी व्यवस्था त्यातून आली.

याच हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला परवडेल असे पोटभर, ताजे अन्न मिळावे, हा हेतू. तत्त्व एकच : ना नफा, ना तोटा.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. 'ना नफा' म्हटले की आपल्याला दानधर्म वाटतो. पण त्यापुढचे 'ना तोटा' हे शब्द तितकेच महत्त्वाचे आहेत. पीठ, डाळ, तेल, जळण, भाकरी थापणाऱ्या भगिनींची मजुरी, जागा, भांडी या सर्वांचा खर्च किमतीतून निघालाच पाहिजे. तो निघाला नाही तर धंदा बुडतो किंवा कोणाला तरी कमी मजुरी द्यावी लागते. १९९५ मध्ये सरकारने राज्यभर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती. ती अनुदानावर अवलंबून होती आणि काही वर्षांतच बंद पडली. 'कष्टाची भाकर' मात्र पन्नास वर्षे उलटली तरी टिकली. खाणाऱ्याला परवडेल आणि करणाऱ्याचाही खर्च निघेल असा भाव धरला, की धंदा कोणाच्या उपकारावर राहत नाही.

अठ्ठावीस जणांचे दुकान

असाच एक दाखला परदेशातला आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गिरणगाव आहे. तिथे १८४४ मध्ये काही गरीब विणकरांनी व कारागिरांनी मिळून एक दुकान काढले. अठ्ठावीस जण होते, असे सांगतात. त्या काळी दुकानांत पिठात भेसळ आणि मापात लबाडी सर्रास चाले. यांनी ठरवले की माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा. सुरुवातीला दुकानात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. जो नफा उरे तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत मिळे. आज जगभरच्या सहकारी दुकानांचे मूळ त्या दुकानात सांगितले जाते. आपल्या दूध सोसायटीचा बोनस हा त्याच विचाराचा नातू समजावा.

आपल्या वाट्यातून द्यावे

उदारपणाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती आपल्याच देहूची आहे. तुकाराम महाराजांच्या घरी वडिलोपार्जित दुकानदारी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर महाराजांनी लोकांच्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. पण परंपरेने सांगतात, की त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची निम्मी खते त्यांना देऊन टाकली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली.

केवढी व्यवहाराची शिकवण आहे ही! सोडायचे ते आपल्या वाट्यातले. गावच्या जत्रेला मोठी देणगी द्यायची आणि खुरपणीला आलेल्या बायांची मजुरी महिनाभर अडकवून ठेवायची, याला दान म्हणता येणार नाही. ती देणगी त्या बायांच्या वाट्यातून गेलेली असते. पावतीवर नाव मात्र आपले लागते.

आपल्या धंद्यात काय पाहावे?

आता प्रत्यक्ष कामाच्या चार गोष्टी सांगतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारावयाचा : हा जो पैसा वाचला, त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर गेले?

काटा : विक्रीसाठी काटा वापरणाऱ्याने तो वैधमापन शास्त्र खात्याकडून पडताळून त्यावर शिक्का घ्यावयाचा असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते. आपला काटा बरोबर आहे असे आपल्याला वाटणे पुरेसे नाही. गिऱ्हाइकाला आकडा दिसेल असा काटा ठेवावा. पिशवीबंद मालावर वजन, किंमत आणि तयार केल्याची तारीख छापावी. घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हे बचत गटांनी विसरू नये.

माल : क्रेटमध्ये वर टपोरे टोमॅटो आणि तळाशी बारीक, फुटके भरण्याची खोड आपल्याकडे आहे. ती अडत्याला कळत नाही असे समजू नका. तो साऱ्या क्रेटचा भाव तळ बघून लावतो, आणि मग शेजाऱ्याच्या चांगल्या मालालाही तोच भाव मिळतो. प्रतवारी करून दोन भावांनी माल विकावा. रोपवाटिकावाल्याने तर अधिक जपावे. जातीचे नाव खोटे सांगून दिलेल्या रोपाची लबाडी चार महिन्यांनी उघडी पडते आणि तोवर दुसऱ्याचा हंगाम गेलेला असतो. एवढी मोठी चोरी काट्यातही होत नाही.

दूध : समजा, एकोणीस लिटर दुधात एक लिटर पाणी घातले आणि रतिबाचा भाव साठ रुपये आहे. दिवसाला साठ रुपये सुटले. पण संशय आला म्हणून एक-एक लिटर घेणारी तीन घरे सुटली आणि ते दूध डेअरीला पस्तीस रुपयांनी घालावे लागले, तर दिवसाला पंच्याहत्तर रुपये गेले. हा झाला पैशाचा हिशेब. त्या तीन घरांतल्या लहान मुलांच्या पेल्यात काय गेले, त्याचा हिशेब वेगळा.

मजुरी : आठवड्याची मजुरी आठवड्याला द्यावी. सारख्या कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त हा भेद कायद्यानेही चुकीचा आहे. फवारणीला माणूस लावला तर हातमोजे, तोंडाला मास्क आणि हात धुवायला पाणी-साबण ही त्या कामाच्या खर्चातच धरावयाची बाब आहे.

आणि ओझे. १९६७ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ठराव केला, की आरोग्याला धोका होईल एवढे ओझे कोणाही कामगाराकडून हाताने वाहवून घेऊ नये. प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोच्या पुढे जाऊ नये अशी शिफारसही झाली. आपल्या घरात येणारी सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते आणि युरियाची पंचेचाळीस किलोची. कारखाने पन्नासात भागवतात, तर आपला कांदा-बटाटा का भागणार नाही? म्हणून गोणी पन्नास किलोचीच भरावी. बारदान थोडे जास्त लागेल, ते खर्चात धरावे.

पुढच्या हंगामाचा हिशेब

पुढच्या वर्षी बटाटा निघाला तेव्हा तात्यांनी गोण्या दाबू दिल्या नाहीत. आई म्हणाली, "अहो, हमाली वाढंल की!" तात्या म्हणाले, "वाढू दे. ती आपल्याच मालाची हमाली हाय." तेवढ्यावर विषय संपला. भाव त्या वर्षीही फारसा नव्हता. जास्तीच्या गोण्यांचा खर्च निघावा म्हणून तात्यांनी एक तोड काढली : बारीक बटाटा निराळा काढून मंचरच्या बाजारात विकला आणि पुण्याला फक्त मोठा, एकसारखा माल नेला. तळाशी वेगळे काही निघत नाही हे अडत्याने दोन-तीन खेपांत ताडले आणि मग आमच्या मालाला ढिगामागे थोडा बरा भाव मिळू लागला. खर्च भरून निघाला की नाही ते तात्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण त्यानंतर हमालाच्या नजरेला नजर देताना त्यांना खाली बघावे लागले नाही, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

बंधू-भगिनींनो, धंदा करा, चार पैसे मिळवा. नफा मिळवणे हे पाप नव्हे. नफ्याशिवाय मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे औषध कोठून होणार? फक्त रात्री हिशेबाची वही मिटण्याआधी एकदा वाचलेल्या प्रत्येक रुपयाकडे बघा. तो आपल्या कष्टाने आणि हुशारीने वाचला असेल तर खुशाल गाठीला बांधा. दुसऱ्याच्या पाठीवर टाकून वाचला असेल, तर उद्या सकाळी त्याला तो परत देण्याची तजवीज करा.