शिकवणारी रुग्णालये : लेखांक ५
परळची अट

मागच्या आठवड्यात आपण भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज पाहिलं. १८४५ मध्ये सुरू झालेल्या त्या कॉलेजातून उत्तम भारतीय डॉक्टर बाहेर पडत होते, पण प्राध्यापकाच्या खुर्चीत बहुतेक वेळा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा गोरा अधिकारी बसलेला असे. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला नव्या कॉलेजासाठी देणगी दिली, ती या दुखण्यावर बोट ठेवूनच. त्यांची अट अशी की, इथे शिकवणारे भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत.

१९२५ मध्ये परळला कॉलेज सुरू झालं, १९२६ च्या जानेवारीत त्याला जोडून रुग्णालय. रुग्णालयाला नाव मिळालं राजा एडवर्डचं : किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम! इंग्रज राजाच्या नावाच्या इमारतीत इंग्रज प्राध्यापकाला जागा नाही, ही गंमत त्या काळच्या मुंबईलाच साधावी. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

कॉलेज आणि रुग्णालय एका आवारात असलं की नेमकं काय होतं? वॉर्ड 'युनिट'मध्ये वाटलेले असतात. युनिटप्रमुख प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, मग निवासी डॉक्टर, आणि सगळ्यांत मागे मान उंचावून बघणारे विद्यार्थी. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी जे पेशंट दाखल होतील, ते त्या युनिटचे. दुसऱ्या दिवशी राउंडला निवासी डॉक्टर केस सांगतो आणि सर विचारतात, "हीच तपासणी का?" उत्तर सर्वांसमोर द्यावं लागतं. खासगी दवाखान्यात हा प्रश्न डॉक्टरला सहसा कुणी विचारत नाही. शिकाऊ डॉक्टर अंगावर प्रयोग करतील, अशी भीती अनेकांना वाटते. माझं मत उलट आहे : जिथे कारण सांगावं लागतं, तिथे चूक लपवणं अवघड जातं. गर्दीपुढे मात्र ही शिस्तही हात टेकते. या रुग्णालयात केसपेपरची रांग बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

याच गर्दीतून संशोधनही निघालं. डॉ. रुस्तम जाल वकील इथले मानद हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेची मुळी वैद्यांना जुनीच माहीत होती. वकिलांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांचं या मुळीकडे लक्ष गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं.

इथलेच शल्यचिकित्सक डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांची गोष्ट इतकी सुखाची नाही. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा माणसाचं हृदय बदलल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी परळला भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही फसला. दात्याचं हृदय घेण्यासाठी लागणाऱ्या मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात आला १९९४ मध्ये, आणि यशस्वी हृदयरोपण त्याच वर्षी दिल्लीत झालं.

१९८६ च्या ६ ऑगस्टला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे संयुक्त काम. एकीकडे वॉर्ड, दुसरीकडे प्रयोगशाळा. देशातलं पहिलं बाळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण १९७८ मध्येच कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी असं बाळ जन्मल्याचं सांगितलं होतं. सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९९७ मध्ये आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं आली. ती तपासून त्यांनी पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखोपाध्याय यांना दिला. तोवर तो मान आनंदकुमारांच्या स्वतःच्या नावावर होता.