संगणकवाल्यांची थट्टामस्करी आणि आपली खातेवही

ईदेच्या सुट्टीत पुण्याहून, बंगळूरहून घरी आलेली आपली शिकलेली मुले सातारा, कराड, मिरज, सांगलीच्या मोहल्ल्यांत एकत्र बसली की त्यांच्या बोलण्याचा विषय ठरलेला असतो. कोणत्या कंपनीने नवे काय काढले, कुणाचा प्रोग्राम कसा कोसळला, कुणाची रातोरात कशी फजिती झाली, यावर ही मंडळी तासन् तास हसत बसतात. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्यातले ओ की ठो कळत नाही. धंदा करणाऱ्याला वाटते, ही पगारदारांची करमणूक आहे, आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट गल्ल्याशी आहे. आज बागवानांची आडत असो, आत्तारांचे दुकान असो की कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला लेथचा कारखाना असो, बिल संगणकावर निघते, उधारी संगणकात असते आणि पैसे मोबाइलवरून जमा होतात. मुलांची थट्टा ज्या गोष्टीवर चालते, तिच्यावरच आपला हिशेब उभा आहे.

ती गोष्ट अशी. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. पण कोणतीही कंपनी या सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. फाइल दाबून लहान करणे, तारीख मांडणे, कोण कधी आत आला याची नोंद ठेवणे अशा हजारो लहानसहान कामांचे तयार तुकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. जगभरचे हौशी लोक ते लिहितात आणि सर्वांसाठी खुले ठेवतात. कंपन्या ते तुकडे उचलतात, एकमेकांना जोडतात आणि वर आपले नाव लावून माल विकतात. यात गैर काही नाही. बेअरिंग विकत आणून यंत्र बांधणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.

मिरजेच्या सतारीचे उदाहरण घ्या. शस्त्रांची कामे करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिरी सारी मिरजेची, पण भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. तिकडच्या शेतकऱ्याने भोपळा लावायचा सोडला तर मिरजेच्या कारागिराचे हात कितीही कसबी असले तरी काम अडते. फरक एवढाच की सतारमेकराला आपला भोपळा कुठून येतो हे ठाऊक असते. संगणकवाल्याला आपल्या प्रोग्रामात कुणाकुणाचे तुकडे बसले आहेत हे पुष्कळदा ठाऊक नसते, आणि तो प्रोग्राम विकत घेणाऱ्या दुकानदाराला तर मुळीच नसते.

या मंडळींत २०२० पासून एक व्यंगचित्र फिरते आहे. ठोकळ्यांचा उंच मनोरा आणि त्याच्या तळाशी काडीएवढा एक ठोकळा. तो ठोकळा अमेरिकेतल्या कुठल्याशा आडबाजूचा एक अनोळखी इसम वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळतो आहे, आणि सारा मनोरा त्यावर तोलला आहे. मुले चित्र पाहून हसतात, पण ते फारसे अतिशयोक्त नाही. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या तुर्की प्रोग्रामरचा किक नावाच्या कॅनडातील कंपनीशी एका नावावरून वाद झाला. तुकडे साठवणाऱ्या भांडाराने कंपनीची बाजू घेतली. त्याने रागाने आपले अडीचशेहून अधिक तुकडे भांडारातून काढून घेतले. त्यांतला एक होता अवघ्या अकरा ओळींचा. त्याचे काम काय, तर आकड्याच्या डावीकडे मोकळी जागा भरून ओळ नीट लावणे. आपला मुनीम एकंखाली एकं यावे म्हणून रक्कम सरकवून लिहितो, तेवढेच. त्या अकरा ओळी नाहीशा होताच जगभर हजारो प्रोग्राम तयार होईनासे झाले. सुमारे दोन तासांत भांडारवाल्यांनी तो तुकडा परत बसवला, तेव्हा गाडे रुळावर आले.

ही झाली रुसव्याची गोष्ट. दुसरी दगाबाजीची आहे आणि व्यापाऱ्याने ती नीट ऐकावी. फाइल दाबण्याचे काम करणारा एक्सझेड नावाचा तुकडा फिनलंडमधला एक गृहस्थ जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. काम वाढलेले, माणूस थकलेला. जिया तान असे नाव सांगणारा कुणी मदतीला आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला आणि हळूहळू पेढीच्या किल्ल्या आपल्या हाती घेतल्या. मग २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्यात एक चोरदरवाजा बसवला, असा की ज्या संगणकावर तो पोचेल तिथे बाहेरच्याला गुपचूप आत शिरता यावे. सर्वत्र पसरण्याआधीच २९ मार्च २०२४ रोजी तो उघडकीस आला. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर आत जाताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि तो कारण शोधत गेला. अर्ध्या सेकंदावरून चोर सापडला! रोजमेळात चार आण्यांचा फरक आला म्हणून रात्री उशिरापर्यंत वही उलटीपालटी करणारे जुने मुनीम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या माणसाचे मोल सांगायला नको. जिया तान हा कोण होता, एक होता की टोळी, हे मात्र उघड झाले नाही.

त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या संगणकांची राखण करणाऱ्या कंपनीने एक सदोष सुधारणा पाठवली आणि जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण सातारा-सांगलीच्या व्यापाऱ्याला अधिक जवळची घटना त्यानंतर बारा दिवसांनी घडली. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याचे दिसताच ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय पेमेंट्स निगमने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार त्यामुळे अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. बँकेचा दोष नाही, ग्राहकाचा नाही, दुकानदाराचा तर नाहीच. मधला एक ठोकळा निसटला एवढेच.

आपले जिल्हे सहकारी बँकांचे आहेत. या बँकांनी लहान दुकानदाराला दारात उभे केले, कर्ज दिले, ओळखीवर पत दिली, म्हणून त्यांच्याशी संबंध तोडण्याचे कारण नाही. मात्र दुकानातल्या क्यूआर कोडमागे एकच खाते ठेवणे धोक्याचे आहे. वेगळ्या बँकेचे दुसरे खाते आणि त्याचा दुसरा कोड खणात तयार असावा. आणि बाजाराच्या दिवशी सुट्या पैशांची थैली ही जुनी वाटली तरी निकामी झालेली नाही.

आता आपल्या दुकानातल्या संगणकाकडे वळू. बिलाचे प्रोग्राम दोन प्रकारे येतात. एक मोठ्या कंपनीचे, तयार. दुसरे गावातल्याच एखाद्या हुशार मुलाने आपल्या धंद्याप्रमाणे बेतून दिलेले. दुसरा प्रकार सोयीचा असतो. आडतीतली हमाली, तोलाई, कडता त्यात आपल्या पद्धतीने बसवलेली असते आणि अडले की फोन लावता येतो. पण तो मुलगा उद्या पुण्याला गेला, दुबईला गेला, किंवा देव न करो, त्याचे काही बरेवाईट झाले, तर? पासवर्ड त्याच्याकडे, दुरुस्तीची गुरुकिल्ली त्याच्याकडे आणि आपली आठ-दहा वर्षांची खतावणी अशा साच्यात की दुसऱ्याला ती उघडता येत नाही. मग दुकानदाराला नवा प्रोग्राम घ्यावा लागतो आणि जुनी बाकी छापील बिलांवरून पुन्हा बोटाने भरावी लागते. उधारीच्या ज्या नोंदी सापडत नाहीत, त्या बुडाल्या.

कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, एवढ्या बारकाईने ती सांगते. लिखाण संगणकात आहे पण ते वाचण्याची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात आहे, तर आपण लिहिले असे कितपत म्हणता येईल? कायद्याचीही अट आहे. जीएसटीखाली नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. प्रोग्राम लिहिणारा गाव सोडून गेला, ही सबब अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

म्हणून प्रोग्राम घेताना किमतीची घासाघीस करतो तशीच आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी. सर्व नोंदी एक्सेलसारख्या, कुणालाही उघडता येईल अशा साध्या तक्त्यात बाहेर काढता आल्या पाहिजेत. हे तोंडी कबूल करून घेऊन थांबू नये, समोर करून दाखवायला सांगावे. बेतून घेतलेल्या प्रोग्रामाचा मूळ मजकूर, ज्याला ही मुले सोर्स कोड म्हणतात, त्याची प्रत पैसे देण्यापूर्वी ताब्यात घ्यावी आणि तो मुलगा आपल्या नात्यातला असला तरी दोन ओळींचा करार करावा. नात्यातला असेल तर आधी करावा. पुढे कटुता येत नाही.

बॅकअप म्हणजे नोंदींची दुसरी प्रत. ती आपण घेतो, पण बहुधा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात टाकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी संगणक आणि त्याच्याखालचा खण एकाच वेळी बुडतात. प्रत घरी असावी, वरच्या मजल्यावर असावी, आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या गड्डीसारखी असते.

सध्या या मुलांच्या थट्टेत एक नवा विषय आला आहे. तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रोग्राम लिहून घेणे. काय हवे ते साध्या भाषेत सांगायचे आणि यंत्र पाच मिनिटांत बिलाचा प्रोग्राम पुढे ठेवते. थोडक्यात, भोपळ्यापासून तारेपर्यंत सारे दुसऱ्याने जोडले आणि आपण फक्त गवसणी घातली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट या कंपनीच्या अशाच यंत्राने, बदल करू नकोस असे बजावले असतानाही, एका ग्राहकाच्या चालू नोंदी पुसून टाकल्या आणि त्या परत आणता येणार नाहीत असेही सांगितले. प्रत्यक्षात त्या परत आणता आल्या. हे साधन टाकाऊ नाही. जाणत्याच्या हाती ते फार काम करते, आणि आपल्या मुलांनी ते शिकलेच पाहिजे. पण यापुढे स्वस्तात बिलाचे प्रोग्राम विकणारे पुष्कळ येतील, त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. यात चूक निघाली तर तुम्हाला स्वतःला ती उघडून दुरुस्त करता येईल का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर रक्कम कितीही कमी असो, चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

शेवटची बाब जुन्या यंत्रांची. अनेक दुकानांत विंडोज १० वरचे संगणक आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबवल्या. यंत्र चालत राहते, म्हणून मालकाला काही कळत नाही. पण नवे चोरदरवाजे सापडले तर ते बुजवले जाणार नाहीत. ठराविक मुदतीची जादा संरक्षण योजना आहे, तिची चौकशी करावी, किंवा यंत्र पेलत असेल तर पुढची आवृत्ती घालून घ्यावी. दोन्ही जमत नसेल तर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार बंद करावेत, आणि तो निव्वळ बिले काढण्यापुरता ठेवून त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी.